अपडेट आलंय, दाबू का?

काउंटरवरून : वाचकांचे प्रश्न आणि दुकानदारीणबाईंची उत्तरं

या खेपेची बरीचशी पत्रं अपडेटवर आहेत. त्यात नवल नाही. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातही दिवसभर हेच चालतं. काही जण अपडेट आलं म्हणून घाबरून येतात, काही जण आलं नाही म्हणून भांडायला येतात. दोघांचाही फोन बहुतेक वेळा ठणठणीत असतो. ज्यांनी कंपन्यांची नावं घेऊन तक्रारी लिहिल्यात, त्यांच्या पत्रांतली नावं मी गाळली आहेत. जे जगजाहीर आहे तेवढंच नावानिशी लिहिते.

एके दिवशी सकाळी फोन आला, तर उचलायचं बटण नेहमीच्या जागी नाही. पडदाच वेगळा. मी काही दाबलं नव्हतं, तरी मुलगा म्हणतो, "आई, तूच काहीतरी अपडेट केलं असशील." शेजारच्या वहिनींचा फोन याच कंपनीचा, पण त्यांचं सगळं जुनंच होतं. माझा फोन हॅक झाला होता का?
— निवृत्त शिक्षिका, चिपळूण

बाई, आधी हे चिरंजीवांना वाचून दाखवा : तुम्ही काही दाबलेलं नाही आणि फोन हॅकही झालेला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने आपल्या 'फोन' या अॅपचं रूप बदललं. आपल्याकडे बऱ्याच मॉडेलांत कॉलसाठी फोनकंपनीचं स्वतःचं अॅप नसतं, गूगलचंच असतं. त्यामुळे वेगवेगळ्या ब्रँडच्या फोनवर एकदमच तो बदल दिसायला लागला आणि देशभर लोकांना वाटलं, आपल्या फोनमध्ये कुणीतरी शिरलंय. त्या दिवसांत आमच्या काउंटरवर जो तो आधी फोन पुढे करायचा आणि मग खालच्या आवाजात विचारायचा, "बँकेचे पैसे जातील का हो?"

यातली गोम अशी की, अपडेट तुमच्या फोनमध्ये त्या सकाळी आलंच नव्हतं. ते आधीच येऊन बसलेलं होतं. प्ले स्टोअर फोन चार्जिंगला असताना, वाय-फाय मिळालं की, गुपचूप अॅपं बदलत असतं. नव्या अॅपमध्ये जुनं रूप आणि नवं रूप, दोन्ही भरून ठेवलेली असतात. कुणाला कुठलं दाखवायचं, याचा खटका कंपनीच्या सर्व्हरवर असतो, आणि तो सगळ्यांसाठी एकदम ओढत नाहीत. आज थोड्यांना, उद्या आणखी थोड्यांना. तुमचा नंबर आधी लागला, वहिनींचा नंतर लागला असेल. व्हॉट्सअॅपमध्ये जून २०२४ पासून ते मेटा एआयचं निळं वर्तुळ दिसायला लागलं, तेही असंच घरातल्या एका फोनवर होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं.

आता उपाय. कॉल उचलायची रीत बदलता येते : फोन अॅपच्या सेटिंग्जमध्ये जा, तिथे येणाऱ्या कॉलच्या हाताळणीचा पर्याय आहे, त्यात 'आडवं सरकवा' किंवा 'एकदा टॅप करा' यांपैकी तुम्हाला जमेल ते निवडा. जुनं रूपच हवं असेल तर अॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, 'अॅप इन्फो' उघडा, वरच्या तीन टिंबांत 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मिळेल. पण प्ले स्टोअर ते पुन्हा आणून ठेवणार, हे गृहीत धरा. मी स्वतः लोकांना पहिला उपायच करून देते.

आणि माझं मत विचाराल तर, तुमचा राग अगदी रास्त आहे. कुणी रात्रीतून येऊन शेगडीची बटणं डावीकडची उजवीकडे करून गेलं, तर कुठली गृहिणी "वा, किती आधुनिक!" म्हणेल? सत्तरीतल्या माणसाला फोन उचलता येणं, हे गोल कोपऱ्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. असा बदल करताना पडद्यावर दोन ओळींची आगाऊ सूचना द्यायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

मी आणि माझा रूममेट, दोघांनी सेलमध्ये एकाच दिवशी एकच मॉडेल घेतलं. त्याला नवीन अँड्रॉइड आलं, मला नाही. यूट्यूबवर दोन युक्त्या सांगतात : 'गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क'चा डेटा क्लिअर करायचा, नाहीतर फाइल उतरवून हाताने टाकायची. कुठली करू?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नागपूर

एकही नको. पहिल्या युक्तीने काही होत नाही, दुसरीने फार काही होऊ शकतं.

पहिली युक्ती फार जुनी आहे. २०१३ मध्येच अँड्रॉइडच्या टीममधल्या एका इंजिनिअरने जाहीरपणे सांगितलं होतं की तो डेटा पुसू नका, त्याने फोनची गूगलशी असलेली ओळख बिघडते आणि इतर अॅपांना त्रास होतो. त्याच वेळी त्याने अपडेट कसं सोडतात, तेही सांगितलं होतं. आधी साधारण १ टक्का फोनांना द्यायचं. मग एक-दोन दिवस नुसतं बघत बसायचं : फोन परत चालू होतायत का, चुकांचे अहवाल येतायत का. सगळं ठीक दिसलं तर २५ टक्के, मग ५०, मग १००. यात एक-दोन आठवडे सहज जातात. कुणाचा नंबर कधी, ते नशिबावर. तुझ्या रूममेटची कंपनीत ओळख नाही, तो पहिल्या गठ्ठ्यात पडला एवढंच. मी तर म्हणते, तो तुझ्यासाठी चाचणी देतोय.

ॲपलची रीत थोडी उलटी आहे. तिथे जो सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः मागतो त्याला लगेच मिळतं, आणि ज्यांनी 'आपोआप अपडेट' चालू ठेवलंय त्यांना एक ते चार आठवड्यांनी. २०२२ मध्ये त्यांचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनीच एका ग्राहकाला हे कळवलं होतं. म्हणजे घाई असलेल्यांवर आधी प्रयोग होतो. घाई त्यांनीच केलेली असते, त्यामुळे तक्रारही करता येत नाही!

हे सगळं कशासाठी? तर चुका होतात म्हणून, आणि मोठमोठ्यांच्या होतात. २४ सप्टेंबर २०१४ ला आयओएस, म्हणजे आयफोनच्या सिस्टीमचं, ८.०.१ हे अपडेट आलं. आयफोन ६ बाजारात येऊन आठवडाही झाला नव्हता. ज्यांनी टाकलं त्यांच्या फोनचं नेटवर्क गेलं, बोटाचा ठसा चालेना. तासाभरात ते मागे घेतलं, तोवर सुमारे ४०,००० फोन सापडले होते. २०२० संपून २०२१ लागत असताना शाओमीच्या मी ए३ ला अँड्रॉइड ११ आलं आणि फोन डेड व्हायला लागले. भारतात ते मॉडेल बरंच खपलेलं. कंपनीला अपडेट थांबवून फोन फुकट दुरुस्त करून द्यावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये सॅमसंगने आपल्या फोनांसाठी वन यूआय ७ ही नवी सिस्टीम सोडली आणि काही दिवसांत मध्येच रोखली, कारण दक्षिण कोरियातल्या काही एस२४ फोनचं कुलूपच उघडेना.

टप्पे न करता सोडलं की काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक छोटी फाइल आपल्या घड्याळाने सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभरच्या तिच्या गिऱ्हाइकांच्या विंडोज संगणकांवर एकदम गेली. चूक लक्षात येऊन ७८ मिनिटांत ती मागे घेतली. तेवढ्यात ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. ती फाइल आधी १ टक्का संगणकांना दिली असती, तर बाकीच्यांना त्याचं नावही कळलं नसतं. पुढे त्या कंपनीने अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरवलं.

उशिराचं आणखी एक कारण असतं : प्रत्येक देशासाठी आणि प्रत्येक मोबाइल नेटवर्कसाठी वेगळी तपासणी. तुझ्या नागपूरचंच बघ. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं आणि एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं. टॉवर तयार, फोनमध्ये ५जीची चिप तयार, पण आयफोनवाल्यांना डिसेंबरात आयओएस १६.२ येईपर्यंत ४जीच. इतरही बऱ्याच फोनांना ५जी चालू व्हायला अपडेटची वाट बघावी लागली. सरकारने कंपन्यांना बोलावून घाई करायला सांगितलं होतं, तरीही.

आता दुसरी युक्ती, हाताने सॉफ्टवेअर मारायची. चुकीच्या देशाची फाइल मारली, किंवा मध्येच केबल हलली, तर फोन लोगोवर अडकतो. मग मागच्या आवृत्तीवर जावं म्हटलं, तर बऱ्याच फोनमध्ये परतीची वाट कंपनीने बंद केलेली असते, कारण जुन्या आवृत्तीतली सुरक्षेची भोकं चोरांना माहीत झालेली असतात. त्यासाठी कुणी बूटलोडर, म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरचं कंपनीने लावलेलं कुलूप, उघडून दिला, तर आधी सगळा डेटा पुसला जातो आणि नंतर बँकेची अॅपं चालायला नकार देतात. असे फोन आमच्याकडे परीक्षेच्या तोंडावर येतात आणि त्यांत नेमके प्रोजेक्टचे फोटो असतात.

तू एवढंच कर : सात-आठ जीबी जागा मोकळी ठेव आणि सेटिंग्जमध्ये सुरक्षा पॅचची, म्हणजे सुरक्षेची भोकं बुजवणाऱ्या शेवटच्या अपडेटची, तारीख बघ. अँड्रॉइडचा आकडा १५ आहे की १६, यापेक्षा ती तारीख मोलाची. ती दोन-तीन महिन्यांच्या आतली असेल, तर अभ्यासाला बस.

द्राक्षबागेची सगळी कामं फोनवरच चालतात. व्हॉट्सअॅपवर एका नंबरवरून 'पीएम किसान अपडेट' म्हणून फाइल आली आहे. खाली 'एपीके' लिहिलंय. न टाकल्यास हप्ता थांबेल असं म्हणतात. टाकू का?
— शेतकरी, तासगाव

दादा, टाकू नका. फाइल उघडूही नका, पुसून टाका आणि तो नंबर ब्लॉक करा.

कुठलंही खरं अपडेट व्हॉट्सअॅपवर येत नाही. फोनचं येतं सेटिंग्जमधून, अॅपचं येतं प्ले स्टोअरमधून. बँक, आरटीओचं चलन, वीजबिल, किसान योजना, लग्नाची पत्रिका, अशी कुठलीही नावं लावून या एपीके, म्हणजे फोनमध्ये परस्पर अॅप टाकणाऱ्या फाइली, फिरतात. टाकल्या की तुमचे एसएमएस वाचतात, आणि ओटीपी एसएमएसमध्येच येतो. घरात कुणी आधीच टाकली असेल तर फोनचं नेट ताबडतोब बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. तो सायबर गुन्ह्यांसाठीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. माझ्या दुकानात यायला वेळ घालवू नका, ते नंतर.

अपडेट केल्यापासून बॅटरी दुपारीच उतरते. ऑफिसात सगळे म्हणतात, नवा फोन घ्यायला लावण्यासाठी कंपन्या जुने फोन मुद्दाम स्लो करतात. खरं आहे का?
— पुणे

थोडं खरं, बरंचसं नाही. पण जे खरं आहे ते कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेलेलं आहे, त्यामुळे तुमच्या ऑफिसला मी अगदी वेड्यात काढणार नाही.

आधी साधी गोष्ट. मोठ्या अपडेटनंतर फोन एक-दोन दिवस आतल्या आत राबत असतो : अॅपं नव्या सिस्टीमसाठी पुन्हा रचायची, फोटोंची आणि शोधाची यादी नव्याने करायची. त्या काळात तो तापतो आणि चार्जिंग उतरतं. तेवढ्यात कुणाकडूनही बॅटरी बदलून घेऊ नका. तीन-चार दिवसांनी परत बघा. तरीही तसंच असेल, तर सेटिंग्जमध्ये कुठलं अॅप किती खातंय ते दिसतं. जुनी आवृत्ती राहिलेलं एखादं अॅप असतं बऱ्याचदा.

आता आरोपाकडे. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने आयओएस १०.२.१ मध्ये एक गोष्ट घातली : बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा वेग कमी करायचा, म्हणजे जास्त वीज ओढली जाऊन फोन अचानक बंद पडणार नाही. कल्पना तांत्रिकदृष्ट्या चुकीची नव्हती. चूक ही की गिऱ्हाइकाला कुणी सांगितलंच नाही. लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, नवा घ्यावा. खरं तर नवी बॅटरी पुरली असती. डिसेंबर २०१७ मध्ये हे बाहेर आलं, तेव्हा कंपनीने माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ पासून बॅटरीची तब्येत सेटिंग्जमध्ये दाखवायला सुरुवात केली. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, आणि तो ग्राहकांना न सांगितल्याबद्दलच. इटलीने त्याआधीच, २०१८ मध्ये, ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड लावला होता. सॅमसंगचं प्रकरण नोट ४ या फोनचं होतं : नव्या फोनसाठी केलेली जड सिस्टीम जुन्या फोनच्या मालकांना घ्यायला लावली, असं तिथल्या प्राधिकरणाचं म्हणणं.

अलीकडे उलटही झालंय. जुलै २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ६ए या फोनला सक्तीचं अपडेट दिलं. ४०० चार्जिंगनंतर बॅटरीची क्षमता मुद्दामच कमी करायची, कारण काही फोन धोकादायकरीत्या तापले होते. पण हे आधी सांगून केलं आणि बॅटरी फुकट बदलून द्यायची सोय ठेवली, भारतातसुद्धा. मुद्दाम कमी केलं तर केलं, पण तोंडावर सांगून. मला हे चालतं.

तुमचा फोन किती जुना ते तुम्ही लिहिलेलं नाही. तीन वर्षांच्या पुढे असेल, तर माझा अंदाज बॅटरीवर. नवा फोन घेण्याआधी चांगली बॅटरी टाकून बघा. हे मी दुकानदार म्हणून सांगतेय, त्यामुळे हवं तर दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करा.

अपडेट झालं आणि डिस्प्लेवर उभी हिरवी रेघ आली. पडला नाही, भिजला नाही. दुकानात डिस्प्लेचे बारा हजार सांगतात.
— अहिल्यानगर

दुकानात उघडू देऊ नका. आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि वॉरंटी संपली असली तरी विचारा. या रेघेच्या तक्रारी भारतात इतक्या झाल्या की वनप्लसने २०२४ मध्ये तिच्यासाठी आजीवन वॉरंटी जाहीर केली आणि सॅमसंगनेही काही एस मालिकेच्या फोनांना एकदा डिस्प्ले फुकट बदलून दिला. बाहेर उघडलेला फोन मात्र ते हातात घेत नाहीत.

घरचा लॅपटॉप २०१६ चा, विंडोज १०. मुलगी बारावीला. रोज पडद्यावर येतं की सपोर्ट संपला. दुकानवाला म्हणतो, 'विंडोज ११ मारून देतो, हजार रुपये.' नवा लॅपटॉप यंदा शक्य नाही.
— सोलापूर

ताई, यंदा नवा घेऊ नका आणि ते हजार रुपयेही देऊ नका.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले, हे खरं. लॅपटॉप त्यामुळे बंद पडत नाही. नव्याने सापडणारी सुरक्षेची भोकं बुजवली जात नाहीत, धोका तो आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. २०१६ च्या मशीनमध्ये तो नसणार. दुकानवाला आडवाटेने टाकून देईलही, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्यासाठी खटाटोप करायचा, तेच हातात नाही.

घरगुती वापरासाठी त्यांनीच एक मधली वाट ठेवली आहे : सुरक्षेचे जादा अपडेट, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला तयार असाल तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. मुलीची बारावी त्यात निघून जाईल. त्यानंतर नुसतं ब्राउझर आणि लिखाण एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून तोच लॅपटॉप आणखी काही वर्षं चालेल.

आणि मुलीच्या नोट्स आधी पेनड्राइव्हवर घ्या. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं जे अपडेट आलं, त्याने काही लोकांच्या डॉक्युमेंट आणि फोटोंच्या फोल्डरातल्या फाइली चक्क पुसल्या. चार दिवसांत ते थांबवलं. आधी चाचणी करणाऱ्यांनी हे कळवलेलंही होतं, पण तक्रारींच्या ढिगात ते दबून गेलं. कंपनीचा हिशेब असा की फाइली गेल्याची तक्रार दहा हजारांत एकाची. त्या एकाच्या फाइली मात्र शंभर टक्के गेल्या होत्या.

नातू व्हॉट्सअॅपवर काय पाठवतो कळत नाही. नुसते चौकोन दिसतात.
— आजोबा, डोंबिवली

आजोबा, ती नवी इमोजी आहेत. नवी चित्रं ठरली की ती फोनमध्ये सिस्टीमच्या किंवा अॅपच्या अपडेटबरोबर येतात. डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला थकलेला चेहरा आयफोनवर मार्च २०२५ च्या अपडेटने आला. तुमच्या फोनमधलं सॉफ्टवेअर जुनं असेल, तर त्याला असं नवं चित्र ठाऊकच नसतं, म्हणून चौकोन.

तुम्हाला आठवत असेल, आपलं ₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरलं, तेव्हा तेही संगणकांवर चौकोनच दिसायचं. विंडोज ७ ला ते २०११ मध्ये अपडेटने मिळालं. तोवर बिलांवर 'रु.' लिहीतच होतो आपण. नातवाला सांगा, शब्दांत लिहीत जा.

इलेक्ट्रिक स्कूटर घेताना शोरूममध्ये सांगितलं की अमुक सोय 'पुढच्या अपडेटमध्ये येईल'. वाट बघतोय. शिवाय अपडेटची सूचना नेमकी सकाळी ऑफिसला निघताना येते.
— नाशिक

सूचना कधीही येवो, दाबायची रात्री. अपडेट चालू असताना गाडी चालवता येत नाही, आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसलं तर ते अर्धवट लटकतं. बॅटरी भरलेली, गाडी घराजवळ, दुसऱ्या दिवशी सुट्टी, असा मुहूर्त बघा.

'पुढे येईल' याबद्दल काय लिहू? ओला एस१ ची डिलिव्हरी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा जाहिरातीतलं क्रूझ कंट्रोल (गाडी एकाच वेगावर धरून ठेवणारी सोय) आणि नकाशा गाडीत नव्हते. ते २०२२ च्या मध्याला मूव्हओएस २ या गाडीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आले. आले, हे खरं. पण तेवढे महिने लोकांनी पूर्ण पैसे भरून अपुरी गाडी चालवली. शोरूममध्ये उभी असलेली गाडी जे करते त्याचेच पैसे द्यावेत, असं माझं जुनाट मत आहे. सेल्समनने तोंडी सांगितलं असेल तर ते बुकिंगच्या कागदावर लिहून मागा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मी जर्मनीत, आईबाबा कोल्हापुरात. त्यांच्यासाठी असा फोन घ्यायचाय जो वर्षानुवर्षं अपडेट होत राहील. इथून आणू की तिकडेच घेऊ? इथे आता काहीतरी नवा नियमही आलाय.
— श्टुटगार्ट

इकडेच घ्या. तिकडचा फोन इथे बिघडला तर वॉरंटीसाठी वणवण होते, आणि आधी सांगितलं तसं देशागणिक सॉफ्टवेअर वेगळं असतं.

तुम्ही म्हणता तो युरोपीय संघाचा नियम २० जून २०२५ पासून लागू आहे. मॉडेल बाजारातून काढल्यानंतरही निदान ५ वर्षं सिस्टीमचे अपडेट उपलब्ध राहावेत, असा त्याचा रोख आहे. ब्रिटनने त्याआधी, एप्रिल २०२४ मध्ये, सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील ते जाहीर करणं बंधनकारक केलं. इथे काउंटरवर मला कुणीच ते विचारत नाही. कॅमेरा किती मेगापिक्सेल, हे सगळे विचारतात. फोनच्या किमतीइतकंच हे महत्त्वाचं आहे, असं मी सांगत असते, आणि गिऱ्हाईक मोफत मिळणाऱ्या कव्हरकडे बघत असतं.

पिक्सेल ८ पासून गूगलने आणि गॅलॅक्सी एस२४ पासून सॅमसंगने ७ वर्षांचं आश्वासन दिलंय. इतकं महाग नको असेल तर सॅमसंगच्या ए१६ ५जी सारख्या फोनलाही ६ वर्षं आहेत. फक्त एक बघा : ही वर्षं मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्तात मिळणाऱ्या दोन वर्षं जुन्या मॉडेलची दोन वर्षं आधीच संपलेली असतात.

फोन लावून देताना आपोआप अपडेट रात्रीसाठी आणि फक्त वाय-फायवर ठेवा. बाबांचा रोजचा दीड जीबीचा पॅक असेल, तर एका मोठ्या अपडेटला तो पुरत नाही आणि मग दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल लागत नाही म्हणून तुम्हालाच काळजी.

आणि त्यांचा पिन एका वहीत लिहून ठेवायला सांगा. अपडेटनंतर फोन पुन्हा चालू झाला की पहिल्यांदा बोटाचा ठसा घेत नाही, पिनच मागतो. रोज ठसा वापरून पिन विसरलेले आईबाबा दुकानात येतात, आणि पिन आठवला नाही तर फोन पूर्ण पुसण्यावाचून माझ्याकडेही काही इलाज नसतो.